चोवीस पुस्तकांचा संकल्प आणि अर्ध्यात राहिलेली मालिका

जून २०२४च्या मध्यावर माझ्या भाचीच्या वाचनाची स्थिती अशी होती: वर्षाला चोवीस पुस्तकं वाचायचा संकल्प, त्यातली पंधरा वाचून झालेली, मोबाइलमधल्या वाचननोंदीच्या अॅपवर ‘ठरवल्यापेक्षा पुढे’ असा शेरा, आणि ज्या मालिकेसाठी तिनं जानेवारीत हा संकल्प केला होता तिचं एक पानही उलटलेलं नाही.

ती मालिका म्हणजे ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाची ‘द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’, इंग्रजीतली फँटसी, म्हणजे कल्पित जगात घडणारी अद्भुतकथा. पहिले दोन भाग तिनं कॉलेजात असताना लागोपाठ वाचले होते. तिसरा आला तेव्हा हौसेनं घेतला, अर्ध्यापर्यंत वाचला. मग बँकेची परीक्षा, नोकरी, पहिली बदली. पुस्तक तसंच राहिलं. दरम्यान चौथा भाग येऊन गेला, आणि आता पाचवा ६ डिसेंबर २०२४ला येणार हे जाहीर झालं होतं. पाचव्या भागाला वेगळं महत्त्व होतं. मालिका एकूण दहा पुस्तकांची ठरलेली आहे आणि पाचव्यावर कथेचा पहिला मोठा टप्पा पुरा होणार होता. तोवर आपण गाडीत बसलेलं असावं, अशी तिची इच्छा.

मी डोंबिवलीतल्या एका खासगी वाचनालयात बरीच वर्षं काम करते आहे. फँटसीच्या कपाटापाशी हेच चित्र मला नेहमी दिसतं: मालिकेचा पहिला भाग सतत कुणाच्या ना कुणाच्या घरी असतो, दुसऱ्यासाठी थोडं थांबावं लागतं, आणि तिसरा-चौथा कपाटात कोरा करकरीत. सभासद आळशी नसतात. तेच सभासद आठवड्याला दोन-दोन सुटी पुस्तकं बदलून नेतात. म्हणून भाचीचं प्रकरण मला नीट तपासून पाहावंसं वाटलं. पुढचं सगळं तिच्या संमतीनं लिहिते आहे.

आकडा पुढे, मालिका मागे

ती एका रविवारी आली आणि म्हणाली, “मावशी, मी टार्गेटच्या पुढे आहे. तरी मला काहीच वाचल्यासारखं का वाटत नाहीये?”

आम्ही तिची यादी उघडून बसलो. पंधरा पुस्तकं, बहुतेक दीडशे ते अडीचशे पानांची. काही कथासंग्रह, दोन-तीन रहस्यकथा, एक प्रवासवर्णन. चांगली पुस्तकं होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण यादीचा कल स्पष्ट होता. महिन्याला दोन पुस्तकं हे माप एकदा ठरलं की हात आपोआप बारीक पुस्तकाकडे जातो. हजार-बाराशे पानांचं पुस्तक उचललं तर दोन महिने आकडा हलत नाही, आणि ‘मागे पडलात’ असा शेरा येतो. संख्येचं ध्येय जाड पुस्तकाला दंड करतं. फँटसी मालिकेच्या वाचकाला तर दुप्पट, कारण तिथं सगळीच पुस्तकं जाड.

स्टॉर्मलाइटचं आकारमान समजून घ्यायला हवं. पहिला भाग ‘द वे ऑफ किंग्ज’ २०१०चा, दुसरा ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’ २०१४चा, तिसरा ‘ओथब्रिंगर’ २०१७चा, चौथा ‘रिदम ऑफ वॉर’ २०२०चा. अमेरिकन हार्डकव्हरमध्ये प्रत्येक हजार पानांच्या वर. चारही मिळून साडेचार हजारांच्या आसपास. शब्दांत मोजलं तर साधारण सतरा लाख. मिनिटाला दोनशे शब्द या वेगानं सुमारे १४० तास. इंग्रजी ही शाळेत शिकलेली भाषा असलेल्या, पण सराव असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हा वेग जमतो.

गंमत म्हणजे आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या ब्रिटिश पेपरबॅक आवृत्तीत हे प्रत्येक पुस्तक दोन भागांत फोडलेलं आहे. म्हणजे तीच कथा, तीच पानं, पण अमेरिकेतल्या वाचकाची चार पुस्तकं आणि आपली आठ! पुस्तकं मोजण्याचं माप किती पोकळ आहे, हे भाचीला त्या एका गोष्टीवरून माझ्या दहा वाक्यांपेक्षा लवकर पटलं. तिच्या कपाटात तिसऱ्या पुस्तकाचा ‘भाग एक’ होता, खूण शेवटून चाळीसेक पानं आधी. अॅपच्या हिशेबात ते ‘न वाचलेलं’ पुस्तक होतं.

खरी अडचण विसरण्याची

एकशे चाळीस तास हा आकडा ऐकून ती दचकली नाही. “रोज लोकलमध्ये दोन तास जातातच की,” म्हणाली. वेळ होता, इच्छा होती, पुस्तक घरात होतं. मग सहा वर्षं अडलं कुठे?

मी तिला तिसऱ्या पुस्तकाची खूण ठेवलेली दोन पानं वाचायला सांगितली. वाचली. कोण बोलतंय कळलं, कुठे आहेत ते अंधुक आठवलं, पण त्या दोघांत ताण का आहे ते काही केल्या आठवेना. तिनं पुस्तक मिटलं. सहा वर्षांत हे असं अनेकदा झालं होतं, असं मग तिनं सांगितलं. उघडायचं, दोन पानं वाचायची, धागा सापडला नाही की ठेवून द्यायचं आणि हाताशी असलेलं सुटं पुस्तक घ्यायचं.

माझ्या मते मालिका मागे पडण्याचं मूळ इथं आहे. माणसं पानांना घाबरत नाहीत. आपण विसरलो आहोत या जाणिवेला घाबरतात. आणि या प्रकारच्या लेखनात विसरणं महागात पडतं, कारण लेखकानं एका खंडात पेरलेलं दुसऱ्या खंडात उगवतं. एक उदाहरण देते. पहिला भाग न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पहिल्या पुस्तकात कॅलाडिन हा सैनिक गुलाम कसा झाला ते कळतं: अमराम नावाच्या सरदारानं त्याच्या माणसांना मारून त्याच्या कपाळी डाग दिला. हे वाचकाला माहीत, कॅलाडिनला माहीत. पण ज्या डॅलिनारच्या आश्रयाला कॅलाडिन येतो, तो डॅलिनार अमरामला सज्जन समजतो. दुसऱ्या पुस्तकात अमराम छावणीत येतो तेव्हा प्रसंगात फार काही घडत नाही, नमस्कार-चमत्कार होतात. मागचं लक्षात असेल तर ते पान वाचताना छातीत धडधडतं. विसरलं असेल तर एक सरदार आला, इतकंच.

वाचकाच्या विसरण्याला प्रकाशनातली अंतरंही कारण आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या भागात चार वर्षं गेली, त्याचं कारण सर्वांना ठाऊक आहे. रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले, त्यांची ‘व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका अपुरी राहिली, आणि ती पुरी करण्याचं काम सँडरसनकडे आलं. शेवटचा एकच खंड म्हणून ठरलेल्या मजकुराचे तीन झाले. ते २००९, २०१० आणि २०१३ साली आले. त्यानंतर स्टॉर्मलाइटचा दुसरा भाग. पुढची अंतरं तीन-चार वर्षांची. सँडरसन हा झपाट्यानं लिहिणारा लेखक समजला जातो; आपलं काम कुठवर आलं ते तो आपल्या संकेतस्थळावर टक्केवारीत मांडतो आणि दर डिसेंबरला वर्षाचा सविस्तर अहवाल लिहितो. तिथंही दोन खंडांमध्ये वाचकाची नोकरी, शहर आणि घर बदलून जातं.

म्हणून आम्ही ध्येयाचा शब्दच बदलला. ‘डिसेंबरपर्यंत चार पुस्तकं’ हे खोडलं. त्याऐवजी वहीत लिहिलं: कथा डोक्यातून जाऊ द्यायची नाही. सलग तीन दिवस पुस्तकाला हात लागला नाही असं होऊ द्यायचं नाही, आणि थांबायचं तर कथेनं जिथं थांबा दिला आहे तिथंच थांबायचं. ६ डिसेंबर ही तारीख तिनं राहू दिली. मला ती नको होती, पण तिला तिचा हुरूप वाटत होता.

पोथीची वाटणी

थांबे कुठे ठरवायचे, हा प्रश्न माझ्या वडिलांनी सोडवला. ते दरवर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करतात. आमचं बोलणं ऐकत ते शेजारीच बसले होते. म्हणाले, “अगं, अध्यायांची समान वाटणी नसतेच कधी. पहिल्या दिवशी नऊ, मग एकवीसपर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस. पाचव्या दिवशी तर तीनच अध्याय, अडतीसपर्यंत. कथा जिथं पुरी होते तिथं पोथी ठेवायची.”

आमच्या घरातली वाटणी अशीच आहे आणि मी लहानपणापासून ती ऐकत आले आहे, पण इंग्रजी कादंबरीला ती लावून पाहावी हे सुचलं नव्हतं. आम्ही पुस्तकं काढून बसलो आणि बघितलं तर सँडरसननं वाटणी करूनच ठेवलेली. पहिल्या चारही पुस्तकांत प्रत्येकी पाच भाग. दोन भागांच्या मध्ये ‘इंटरल्यूड’ म्हणून दोन-चार छोटी प्रकरणं, मुख्य पात्रांपासून दूर, जगाच्या दुसऱ्याच कोपऱ्यातली. प्रत्येक पुस्तक एका पात्राचा भूतकाळ उलगडतं: पहिलं कॅलाडिनचा, दुसरं शलानचा, तिसरं डॅलिनारचा. इतकंच काय, एका पुस्तकाच्या पाच भागांची शीर्षकं सलग वाचली तर त्यांची एक छोटी कविता होते, आणि त्या कवितेतले शब्द उलटीकडून वाचले तरी रचना तशीच राहते. लेखकानं भागांच्या सीमा इतक्या जपून आखल्या असतील तर वाचकानं पान क्रमांक बघून मधेच का थांबावं?

तेव्हा ठरलं ते असं. आठवड्याचा वाटा पानांत नाही, प्रकरणांत. ‘ओथब्रिंगर’ची १२२ प्रकरणं आहेत, पण काही चार पानांची तर काही तीस पानांची. तिनं पेन्सिलनं अनुक्रमणिकेवर खुणा केल्या: एका पात्राची एक घडामोड पुरी होते तिथं रेघ. एखाद्या आठवड्यात रेघ नव्वद पानांवर येते, एखाद्यात दीडशेवर. भागाच्या शेवटी मात्र सक्तीचा विसावा. त्या दिवशी पुढचं पान उघडायचं नाही. त्याऐवजी वहीत अर्धं पान लिहायचं, तीन प्रश्नांची उत्तरं म्हणून: कोण कुठे आहे, कुणाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, कुणाचं कुणाला काय देणं बाकी आहे.

मधला प्रश्न मी आग्रहानं घातला. कथेचा सारांश कुठेही वाचायला मिळतो. कुणाला काय माहीत नाही हे सारांशात येत नाही, आणि वर सांगितलेल्या अमरामच्या प्रसंगासारखे प्रसंग त्यावरच उभे असतात. तिच्या वहीतली पहिल्या पुस्तकानंतरची नोंद माझ्यासमोर आहे: “शलान खरब्रांथमध्ये जास्नाजवळ. कॅलाडिन आणि पूल-चारची पोरं डॅलिनारकडे आली. अमरामनं काय केलं ते डॅलिनारला माहीत नाही!!! कॅलाडिन सांगणार का? डॅलिनारनं पोरांसाठी तलवार देऊन टाकली, हे देणं मोठं आहे.” उद्गारचिन्हं तिचीच.

वाचायचं कधी, ऐकायचं कधी

पहिले दोन भाग पुन्हा वाचायचे की सारांशावर भागवायचं, यावर आमचं एकमत होत नव्हतं. सारांश तासाभरात होतो. पण तिनंच एक सारांश वाचून पाहिला आणि म्हणाली, “सगळं कळलं गं, पण कुणाबद्दल काही वाटलं नाही.” मग मार्ग निघाला ऐकण्याचा. या मालिकेची इंग्रजी श्राव्य पुस्तकं मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या दोघांनी वाचली आहेत. ‘व्हील ऑफ टाइम’ही त्यांनीच वाचलेलं. पहिला भाग पंचेचाळीस तासांचा, दुसरा त्याहून थोडा मोठा. वेग सव्वापट केला की दोन्ही मिळून पंचाहत्तर तासांत बसतात.

एकदा वाचलेलं पुस्तक ऐकणं आणि नवं पुस्तक ऐकणं यात फार फरक आहे. अनोळखी जग, अनोळखी नावं. नुसती कानावर पडली तर कोण कोण ते लागत नाही. वाचलेल्या पुस्तकात नाव ऐकताच चेहरा उभा राहतो, एखादं वाक्य स्टेशनच्या घोषणेत हरवलं तरी बिघडत नाही. म्हणून पहिले दोन कानांनी आणि पुढचे दोन डोळ्यांनी, अशी विभागणी केली.

लोकलनं ती आणखी पक्की केली. सकाळी डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढलं की दादरपर्यंत उभंच राहायचं. एक हात वरच्या कडीला, दुसरा पर्सवर. तिथं पुस्तक उघडणं अशक्य, पण ऐकता येतं. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी सुटायच्या आधी पोचलं तर खिडकी नाही तरी फोर्थ सीट, म्हणजे तिघींच्या बाकावरची कडेची चौथी जागा, मिळते. तिथं ब्रिटिश पेपरबॅकचा अर्धा भाग एका हातात मावतो. फोडलेल्या आवृत्तीवर मी वर टीका केली, पण गर्दीच्या डब्यात तिचा फार उपयोग झाला हेही लिहायला हवं. त्या डब्यात शेंगा सोलणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायकांमध्ये बसून तिनं ‘ओथब्रिंगर’ वाचलं. एका काकूंनी तर तिला रोज “आज काय झालं तुमच्या डॅलिनारचं?” असं विचारायला सुरुवात केली. दररोज ठाण्यापर्यंत दोन वाक्यांत सांगावं लागायचं. वहीतल्या नोंदींइतकाच या सांगण्याचा उपयोग झाला असं मला वाटतं. विसरू नये म्हणून दुसऱ्याला सांगणं हा आपल्याकडचा जुनाच उपाय.

एवढंच पुरे की सगळं विश्व

मध्ये एक नवाच पेच आला. सँडरसनच्या अनेक कादंबऱ्या एकाच व्यापक विश्वात घडतात. एका मालिकेतलं पात्र दुसरीत डोकावतं. कुणीतरी भाचीला सांगितलं की ‘मिस्टबॉर्न’, ‘एलांट्रिस’, ‘वॉरब्रेकर’ हे सगळं आधी वाचल्याशिवाय स्टॉर्मलाइट कळायचंच नाही. तिनं लगेच यादी केली. ती यादी पाहून मला वाईट वाटलं, कारण अशा याद्यांनीच उत्साही वाचक बसून जातात.

माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. दोन छोट्या कादंबऱ्या आवश्यक आहेत, कारण त्या मालिकेच्या आतच बसतात: दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमधली ‘एजडान्सर’, तिसऱ्या आणि चौथ्यामधली ‘डॉनशार्ड’. ‘वॉरब्रेकर’ वाचलेली असेल तर काही पात्रं भेटल्यावर जास्त आनंद होतो. लेखकानं ती आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेली आहे, तेव्हा पुढेमागे सवडीनं वाचता येईल. बाकी सगळं नंतर. ओळख न पटलेलं पात्र नुसतं अनोळखी वाटतं, त्यानं कथा अडत नाही. तिनं यादी फाडली नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर हलवली.

घडलं काय

ऐकणं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. पावसानं गाड्या रखडल्या त्या दिवसांत उलट जास्त ऐकून झालं. ‘एजडान्सर’ तिनं चार-पाच संध्याकाळींत वाचली. मग ‘ओथब्रिंगर’, पहिल्या पानापासून. जुनी खूण जिथं होती तिथं पोचल्याचं तिनं मला फोन करून सांगितलं, आणि त्या संध्याकाळी ती कल्याणपर्यंत पुढे गेली, डोंबिवली कधी गेलं कळलंच नाही.

७ सप्टेंबरला गणपती आले. घरी दीड दिवसाचा गणपती, मग माहेरच्यांकडे पाच दिवसांचा, पाठोपाठ बँकेचं सहामाही क्लोजिंग. इथं ‘सलग तीन दिवस खंड नको’ हा नियम कामी आला. मोदकांच्या गडबडीत तिनं कधी चारच पानं वाचली, कधी वहीतली नोंदच चाळली. पानांच्या हिशेबात तो आठवडा जवळजवळ शून्य होता, पण गणपतीनंतर पुस्तक उघडलं तेव्हा तिला मागे जावं लागलं नाही. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

‘ओथब्रिंगर’ ऑक्टोबरच्या अखेरीस संपलं. दिवाळीत ‘डॉनशार्ड’. भाऊबीज झाल्यावर ‘रिदम ऑफ वॉर’ हाती घेतलं तेव्हा ६ डिसेंबरला जेमतेम पाच आठवडे उरले होते. मूळ आराखड्यात त्याला सात आठवडे दिले होते, आणि तेही ओढूनताणून. आराखड्याची कच्ची बाजू इथं उघडी पडली: सर्वांत जड पुस्तक वर्षाच्या सर्वांत गजबजलेल्या दिवसांत आलं होतं. त्यात विधानसभेची निवडणूक लागली. २० नोव्हेंबरच्या मतदानासाठी तिची ड्यूटी निघाली. आधीची प्रशिक्षणं, आदल्या दिवशी यंत्रं घेऊन केंद्रावर मुक्काम, मतदानाच्या रात्री उशिरापर्यंत साहित्य जमा करणं. तो आठवडा वाचन नाहीच.

शिवाय चौथं पुस्तक मुळात संथ. त्याचा मोठा भाग शत्रूनं ताब्यात घेतलेल्या एका मनोऱ्यात, एका शास्त्रज्ञ बाईच्या प्रयोगांभोवती फिरतो. काहींना तो भाग रटाळ वाटतो. मला तो मालिकेतला सर्वांत विचारी भाग वाटतो, पण घाईत वाचायचा मुळीच नाही. ६ डिसेंबरला पाचवं पुस्तक प्रकाशित झालं तेव्हा भाची चौथ्याच्या तिसऱ्या भागात होती.

त्या दिवशी ती जरा खट्टू झाली होती. घाईघाईनं उरलेलं चाळून नव्या पुस्तकाला भिडावं असं तिच्या मनात आलं. शेवट कुठेतरी कानावर पडेल ही भीती होतीच. आम्ही मिळून ठरवलं की जानेवारी संपेपर्यंत ती या मालिकेच्या चर्चा चालतात तिथं फिरकणार नाही, फोनवर ती नावं बंद करून ठेवेल, आणि चौथं पुस्तक त्याच्या वेगानं संपवेल. ते जानेवारीत संपलं.

वर्षअखेरीचा हिशेब मुद्दाम देते. अॅपनं चोवीसपैकी वीस दाखवली, म्हणजे संकल्प चुकला. जूनपर्यंतची पंधरा, आणि नंतरच्या साडेपाच-सहा महिन्यांत पाच. शब्दांत अंदाज काढला तर त्या पंधरा पुस्तकांचे मिळून सात-आठ लाख भरतात. नंतरच्या पाचांचे, अर्धं ‘रिदम ऑफ वॉर’ धरून, पंधरा लाख. पडत्या काळात तिनं चढत्या काळाच्या दुप्पट वाचलं होतं. पुढच्या वर्षी तिनं संख्येचं ध्येय काढून टाकलं. स्टोरीग्राफसारख्या अॅपवर पानांचं किंवा ऐकण्याच्या तासांचं ध्येय ठेवता येतं, ते मी तिला सुचवलं होतं. तिला तेही नको झालं. वही आहे म्हणाली.

पाचवं पुस्तक, ‘विंड अँड ट्रुथ’, सर्वांत जाड. पण त्याची रचना या पद्धतीसाठीच केल्यासारखी निघाली. सगळी कथा दहा दिवसांत घडते आणि पुस्तकाचे भाग म्हणजे ते दिवस. आठवड्याला कथेतला एक दिवस, असा तिनं सरळ वाटा लावला. हे तिनं किंडलवर वाचलं, कारण तो ठोकळा लोकलमध्ये नेणं शक्यच नव्हतं. किंडलवरची टक्केवारी तिनं पहिल्याच आठवड्यात बंद केली आणि ‘या प्रकरणाला किती मिनिटं उरली’ तेवढं दिसू दिलं. मार्चअखेरीच्या क्लोजिंगनं दोन आठवडे खाल्ले. पुस्तक मे महिन्यात संपलं. संपल्यावर तिनं फोन केला आणि बराच वेळ पुस्तकाबद्दलच बोलली, वेळापत्रकाचा विषयही निघाला नाही.

दुसऱ्यांना हे कितपत लागू

वाचनालयात मी ही वहीची आणि थांब्यांची पद्धत काही सभासदांना सुचवली आहे. सगळीकडे ती चालत नाही. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या एकेचाळीस कादंबऱ्या बऱ्याचशा सुट्या वाचता येतात, तिथं नोंदी ठेवत बसणं म्हणजे उगाच ओझं, मन मानेल तिथून उचलावं. उलट स्टीव्हन एरिक्सनची दहा खंडांची ‘मलाझन’ मालिका सुरुवातीला वाचकाला जवळजवळ काहीच समजावून सांगत नाही. तिथं पहिल्या खंडात ‘कोण कुठे आहे’ याचं उत्तर लिहिता आलं नाही तरी घाबरू नये, नुसती नावं लिहून पुढे जावं. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट अजून चालू आहे. तिथं गाठायला पुढे काही नाही, तेव्हा घाईही नाही. पण वही तिथंच सर्वांत जास्त लागेल.

आणि ती भाचीलाही पुन्हा लागणार आहे. स्टॉर्मलाइटच्या सहाव्या पुस्तकाला बरीच वर्षं आहेत. मधल्या काळात लेखक ‘मिस्टबॉर्न’ आणि ‘एलांट्रिस’च्या जगात परतणार आहे. म्हणून पाचव्यानंतरची नोंद तिनं अर्ध्या पानाऐवजी चांगली सहा पानांची लिहिली, घडलेल्या गोष्टी थोडक्यात आणि न उलगडलेल्या गोष्टी सविस्तर. सध्या तिनं आमच्याकडून ‘व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड नेला आहे. चौदा खंड, सगळे प्रकाशित, तारखेचा धाक नाही. दोन खंडांच्या मध्ये एक मराठी पुस्तक वाचायचं असं तिचं ठरलं आहे. त्या मराठी पुस्तकांची यादी करायला येत्या रविवारी ती येते आहे, आणि फोर्थ सीटवरच्या काकूंनी त्यात आपलीही दोन नावं घालायला सांगितली आहेत.